जलविज्ञान आणि सरोवरविज्ञान: धरण एकच, प्रश्न वेगळे

पावसाळा सुरू झाला की खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांत मिळून किती टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी साठले आणि मुठा नदीत किती क्युसेकने (सेकंदाला किती घनफूट) विसर्ग सुरू झाला, याकडे पुणेकरांचे रोज लक्ष असते. हे आकडे जलविज्ञानाचे, म्हणजेच हायड्रॉलॉजीचे आहेत. पडलेल्या पावसापैकी किती मुरला, किती वाहून आला आणि किती बाष्प होऊन गेला, याचा जमाखर्च ते मांडते.

सरोवरविज्ञान, म्हणजेच लिम्नॉलॉजी, त्याच पाण्याच्या आत काय घडते ते पाहते. स्विस शास्त्रज्ञ फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरावर १८९२ ते १९०४ या काळात प्रसिद्ध केलेल्या तीन खंडांनी त्याचा पाया घातला; आज नद्या, जलाशय आणि पाणथळ जागाही त्याच्या कक्षेत येतात.

फरक कळतो तो उन्हाळ्यात. खोल जलाशयाचा वरचा थर तापून हलका होतो आणि खालच्या थंड, जड थरात सहजी मिसळत नाही. त्यामुळे हवेतला ऑक्सिजन तळापर्यंत पोचत नाही, गाळातले सेंद्रिय पदार्थ कुजवणारे जिवाणू तिथला उरलासुरला ऑक्सिजन संपवतात आणि मग गाळातले लोह, मँगनीज व फॉस्फरस पाण्यात उतरू लागतात. साठ्याच्या आकड्यात यातले काहीच दिसत नाही. पाणी कोणत्या थरातून उचलले, यावर मात्र जलशुद्धीकरण केंद्राचे काम किती वाढणार ते ठरते. शहरातल्या नदीचेही तसेच आहे. सांडपाण्यानेही प्रवाह भरलेला दिसू शकतो, आणि त्यातल्या नायट्रोजन-फॉस्फरसवरच जलपर्णी फोफावते. दरवर्षी ती नुसती उपसत राहणे हा माझ्या मते अर्धाच उपाय आहे, कारण तिचे खाद्य वाहतच राहते.

तरीही ही शास्त्रे एकमेकांवाचून अडतात. जलाशयातले पाणी बदलायला लागणारा काळ साठा आणि आवक यांवरून काढतात, म्हणजे तो हिशेब जलविज्ञानाचा. पण शेवाळाला वाढायला किती सवड मिळणार, हे त्यावरच अवलंबून असते. खडकवासल्याची उपयुक्त क्षमता जेमतेम दोन टीएमसी असून वरच्या तिन्ही धरणांतून सोडलेले पाणी त्यातूनच पुढे जाते, त्यामुळे तिथले पाणी साडेदहा टीएमसीच्या पानशेतपेक्षा कितीतरी लवकर बदलते, आणि म्हणूनच एका धरणाच्या पाण्याच्या नमुन्यावरून दुसऱ्याबद्दल अंदाज बांधता येत नाही.