सुका बांगडा, कोकम आणि मुक्त मूलक: एका संशोधनाची पार्श्वभूमी

मुंबई-गोवा महामार्गावरच्या दुकानांत कोकम आगळाच्या बाटलीवर आणि आवळ्याच्या पाकिटावर हल्ली ‘अँटिऑक्सिडंटयुक्त’ असं ठळक छापलेलं असतं. अँटिऑक्सिडंट म्हणजे ऑक्सिडीकरण रोखणारं द्रव्य, आणि त्या शब्दामागे सव्वाशे वर्षांचं काम आहे. त्यातला बराच भाग तेल, रबर आणि मांस-मासळी टिकवण्याच्या खटपटीतून आला, आणि तो माहीत असला तर बाटलीवरच्या दाव्याचं काय करायचं हेही कळतं.

रेणूमध्ये इलेक्ट्रॉन सहसा जोडीने असतात. एखादा एकटा उरला की त्या रेणूला मुक्त मूलक किंवा फ्री रॅडिकल म्हणतात. असा रेणू मोकळा राहू शकतो यावर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बहुतेक रसायनशास्त्रज्ञांचा विश्वास नव्हता. १९०० साली मिशिगन विद्यापीठात मोझेस गोम्बर्ग वेगळंच संयुग बनवत होते आणि त्यांच्या हाती ट्रायफेनिलमिथिल हे मोकळं मूलक लागलं. हवा लागली की ते लगेच ऑक्सिजनशी जोडलं जाऊन पेरॉक्साइड बनायचं. त्याच्या थोडं आधी, १८९४ मध्ये, केंब्रिजच्या हेन्री फेंटन यांनी लोहाचा अंश आणि हायड्रोजन पेरॉक्साइड एकत्र आले की टार्टारिक आम्लाचं झपाट्याने ऑक्सिडीकरण होतं हे नोंदवलं होतं. त्यात हायड्रॉक्सिल मूलक तयार होतं ही मांडणी हाबर आणि वाइस यांनी केली, तीही १९३४ मध्ये. लोहाचा हा मुद्दा लक्षात ठेवावा, कारण पुढे मासळीपासून मेंदूपर्यंत सगळीकडे तो आडवा येतो.

ही क्रिया नाकाने ओळखायची तर पावसाळ्याच्या बेगमीचा सुका बांगडा घ्यावा. बांगडा आणि तारली हे तेलकट मासे. त्यांच्या तेलातल्या डीएचए या आम्लात बावीस कार्बनांच्या साखळीवर सहा दुहेरी बंध असतात. दोन दुहेरी बंधांच्या मधल्या कार्बनवरचा हायड्रोजन सैल धरलेला असतो. एखाद्या मूलकाने तो ओढला की तिथे नवं मूलक तयार होतं, ते ऑक्सिजन पकडतं, आणि तयार झालेलं पेरॉक्सिल मूलक शेजारच्या साखळीचा हायड्रोजन ओढतं. सुरुवात एकाच ठिकाणी झाली तरी शेकडो साखळ्या बिघडतात. हा क्रम १९४० च्या दशकात फार्मर, बोलंड आणि जी यांनी ब्रिटिश रबर उत्पादकांच्या संशोधन संस्थेत काम करताना उलगडला. त्यांना रबर का चिरतं ते शोधायचं होतं. बांगड्यात भर पडते ती कडेच्या लालसर मांसातल्या हीम-लोहाची. मीठ अशुद्ध असेल, त्यात लोह किंवा तांब्याचा अंश असेल, तर वेग आणखी वाढतो. मग पोटाकडच्या बाजूला पिवळट-तपकिरी डाग पडतात आणि उग्र वास येतो. बोंबील आणि सोडे यांत चरबी कमी, म्हणून ते या कारणाने फारसे बिघडत नाहीत. त्यांना दमट हवा आणि बुरशीची भीती जास्त. उलट कोकमाच्या बियांचं तेल, म्हणजे मुठेल, वर्षभर ठेवलं तरी सहसा खवट होत नाही. त्यात स्टिअरिक आम्ल निम्म्याहून जास्त असतं आणि त्याला दुहेरी बंधच नसतो. उरलेलं बहुतेक ओलिइक, त्याला एकच.

हा बिघाड आकड्यात मोजायची सर्वात प्रचलित पद्धत थायोबार्बिट्युरिक आम्लाची, म्हणजे टीबीए. तिचा गुलाबी रंग १९४४ मध्ये पहिल्यांदा दिसला तो प्राण्यांच्या मेंदूच्या ऊतीत. हा रंग चरबीच्या ऑक्सिडीकरणातून येतो आणि त्यामागचा पदार्थ मॅलोनडायाल्डिहाइड आहे, हे पुढच्या दशकभरात ठरलं. मग अन्नतंत्रज्ञांनी ही पद्धत उचलली. १९६० च्या तारलादगिस पद्धतीत दहा ग्रॅम मांस ५० मिलिलिटर पाण्यात वाटतात, आणखी ४७.५ मिलिलिटर पाण्याने धुऊन फ्लास्कमध्ये घेतात आणि चार नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल २.५ मिलिलिटर घालतात. पहिलं ५० मिलिलिटर ऊर्ध्वपातित पाणी गोळा करतात. त्यातलं पाच मिलिलिटर आणि तितकंच टीबीए द्रावण उकळत्या पाण्यात ३५ मिनिटं ठेवून, थंड करून, ५३८ नॅनोमीटरवर प्रकाश किती शोषला जातो त्याचं वाचन घेतात. वाचनाला ७.८ ने गुणलं की किलोमागे मिलिग्रॅम मॅलोनडायाल्डिहाइड मिळतं. गोची अशी की हे रसायन कालांतराने प्रथिनांना चिकटतं, त्यामुळे फार जुन्या मासळीचा आकडा परत खाली येतो. नाकाला झोंबणारा बांगडा कागदावर ताजा दिसू शकतो. म्हणून एका वाचनावर निकाल देऊ नये, आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतराने घेतलेली मालिका हवी.

पुढे हीच चाचणी दवाखान्यांच्या प्रयोगशाळांत शिरली आणि तिथे जास्त घोटाळा झाला. रक्तातल्या सायालिक आम्लासारखे इतर घटकही टीबीएशी रंग देतात, आणि नमुना आम्लात उकळताना त्यातली चांगली चरबीसुद्धा नव्याने ऑक्सिडाइज होते. मधुमेहापासून संधिवातापर्यंत अनेक आजारांत ‘ऑक्सिडेटिव्ह नुकसान वाढलं’ असं सांगणारे कित्येक आकडे याच चाचणीवर उभे आहेत. ते वाचताना सावध असावं.

जिवंत शरीराची बाजू वेगळ्या वाटेने पुढे आली. शुद्ध ऑक्सिजन दाबाखाली दिला तर प्राण्यांना झटके येतात, हे पॉल बेर यांनी १८७८ मध्येच दाखवलं होतं. का, ते कोणाला सांगता येत नव्हतं. १९५४ मध्ये अर्जेंटिनाच्या रेबेका गेर्शमान यांनी अमेरिकेतल्या रॉचेस्टरला सहकाऱ्यांसह मांडलं की ऑक्सिजनची विषबाधा आणि क्ष-किरणांची इजा या दोन्हींच्या मुळाशी मुक्त मूलकंच आहेत. हा या साऱ्या इतिहासातला सर्वात मोठा विचार आहे असं आम्हांला वाटतं, आणि गेर्शमान यांचं नाव मात्र अजूनही फार थोडे घेतात. त्याच वर्षी कॉमनर यांच्या गटाने गोठवून सुकवलेल्या ऊतींत मूलकांचे संकेत प्रत्यक्ष टिपले. १९५६ मध्ये डेनम हार्मन यांनी म्हातारपण याच नुकसानीतून येतं अशी मांडणी केली. ते डॉक्टर होण्याआधी शेल कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होते.

तरीही जीवशास्त्रज्ञ साशंक होते. इतकी क्षणभंगुर वस्तू पेशीत महत्त्वाची कशी असेल, हा त्यांचा प्रश्न. उत्तर १९६९ मध्ये ड्यूक विद्यापीठातून आलं. झँथिन ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) सायटोक्रोम-सी या प्रथिनाला इलेक्ट्रॉन देतं, आणि काही नमुन्यांत ही देवघेव कशाने तरी अडते, हे जो मॅककॉर्ड आणि अर्विन फ्रिडोविच यांच्या ध्यानात आलं. अडवणारं प्रथिन सुपरऑक्साइड, म्हणजे ऑक्सिजनला एक इलेक्ट्रॉन जादा मिळून बनणारं मूलक, नष्ट करत होतं. गंमत म्हणजे ते प्रथिन १९३८ पासून ओळखीचं होतं. मान आणि केलिन यांनी ते गाईबैलांच्या रक्तातून वेगळं काढलं होतं, पण त्याचं काम माहीत नसल्याने तांब्याचा साठा समजून ते बाजूला राहिलं होतं. शरीर एखाद्या मूलकासाठी खास विकर बाळगत असेल तर ते मूलक शरीरात बनतच असणार, यावर मग वाद उरला नाही.

लगेच दुसरी बाजूही दिसू लागली. १९७३ मध्ये बर्नार्ड बेबियर यांनी दाखवलं की पांढऱ्या पेशी जंतू मारण्यासाठी सुपरऑक्साइड मुद्दाम बनवतात. ज्यांच्यात ही क्षमता जन्मतःच नसते त्यांना वारंवार गंभीर संसर्ग होतात. नायट्रिक ऑक्साइड हेही एक मूलक; रक्तवाहिन्या सैल करण्याचं त्याचं काम १९८७ मध्ये पक्कं झालं आणि १९९८ चं नोबेल त्या शोधाला मिळालं.

बाजार मात्र पहिल्याच बाजूवर थांबला. मूलकं वाईट, तर त्यांना मारणारी गोळी चांगली, असं गृहीत धरलं गेलं. १९९४ मध्ये फिनलंडमधल्या २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवरच्या चाचणीचा निकाल लागला. रोज २० मिलिग्रॅम बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्के जास्त निघाला. अमेरिकेतली तशीच दुसरी चाचणी १९९६ मध्ये मुदतीआधी थांबवावी लागली. २०११ मध्ये रोज ४०० युनिट ई जीवनसत्त्व घेणाऱ्या पुरुषांत प्रोस्टेटचा कर्करोग १७ टक्के जास्त आढळला. विडी ओढणाऱ्या माणसाने बीटा-कॅरोटिनच्या गोळ्या घेऊ नयेत, हे आमचं स्पष्ट मत आहे.

अपयशाचं एक कारण साध्या हिशेबात सापडतं. हायड्रॉक्सिल मूलक समोर येईल त्या रेणूवर तुटून पडतं. पेशीत ग्लुटाथायोन, म्हणजे शरीराचं स्वतःचंच अँटिऑक्सिडंट, एक ते दहा मिलिमोलर असतं, आणि फळांतली पॉलिफिनॉल ही अँटिऑक्सिडंट द्रव्यं रक्तात पोचतात ती सहसा मायक्रोमोलर किंवा त्याहून कमी. म्हणजे हजार पट तफावत. ती जागेवर पोचण्याआधीच मूलकाने दुसरं काहीतरी गाठलेलं असतं. ई जीवनसत्त्वाचं तसं नाही. ते चरबीत विरघळून पेशीपटलातच बसतं आणि हळू चालणाऱ्या पेरॉक्सिल मूलकाला तिथल्या तिथे अडवतं.

आता कोकम. रातांब्याच्या सालीत सायनिडिनची लाल रंगद्रव्यं आणि गार्सिनॉल हे पिवळं द्रव्य असतं, आणि दोन्ही परीक्षानळीत चांगलं काम करतात, यात शंका नाही. त्यासाठी बहुतेक ठिकाणी डीपीपीएच चाचणी करतात: जांभळं, टिकाऊ मूलक मिथेनॉलमध्ये घ्यायचं, अर्क घालायचा, अर्धा तास अंधारात ठेवून ५१७ नॅनोमीटरवर रंग किती उतरला ते पाहायचं. कोकमाच्या बाबतीत इथे एक अडचण ठरलेली आहे. आमसुलाचा लाल रंग स्वतःच त्याच पट्ट्यात प्रकाश शोषतो, त्यामुळे जांभळा उतरला तरी वाचन चढं राहतं आणि अर्क आहे त्यापेक्षा दुबळा दिसतो. प्रत्येक तीव्रतेला डीपीपीएच न घालता, नुसत्या मिथेनॉलमध्ये अर्क घेऊन वेगळं वाचन घ्यावं आणि ते वजा करावं. ही पायरी गाळलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

माणसांत कोकमाचा परिणाम तपासायचा तर १९९० मध्ये मॉरो आणि रॉबर्ट्स यांनी शोधलेली आयसोप्रोस्टेन मोजावीत. ती ॲराकिडोनिक आम्लावर मूलकांनी थेट हल्ला केल्याने बनतात, म्हणून टीबीएपेक्षा कितीतरी भरवशाची. पण रक्त साध्या, उणे वीस अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवलं तर त्यातली चरबी साठवणीतच ऑक्सिडाइज होते आणि खोटी वाढ दिसते. उणे सत्तर-ऐंशी अंश लागतात, वर बीएचटीसारखं संरक्षक. कोकणातल्या गावांत, पावसाळ्यात वीज तासन्‌तास जात असताना, ही साखळी सांभाळणं अवघड. तिथे लघवीचा नमुना घ्यावा. त्यात चरबी जवळपास नसते, त्यामुळे नवी आयसोप्रोस्टेन बनत नाहीत, आणि लघवीतून बऱ्यापैकी ठरावीक प्रमाणात बाहेर पडणाऱ्या क्रिएटिनिनच्या प्रमाणात आकडा मांडला की पाणी कमी-जास्त प्यायल्याचा फरकही निघून जातो.