वाळलेलं लाकूड असं काही नसतं

गेल्या आठवड्यात ऑफिसच्या ग्रुपवर एकाने रील टाकली. सोलमधलं कुठलंतरी चकाचक काचेचं ऑफिस, त्यात दोन वयस्कर कारागीर पारंपरिक कोरियन जाळीची दारं बसवतायत, मागे बासरी वाजतेय आणि खाली लिहिलंय "एकही खिळा नाही, एक थेंब गोंद नाही, हजार वर्षं टिकणार". लगेच अंगठे, लगेच "आपल्याकडे पण पूर्वी असंच होतं", लगेच "आता काय, सगळं प्लायवूड". मी पण अंगठा दिला, खोटं कशाला बोलू. पण रात्री झोपताना डोक्यात तेच, की अरे ते दार हिवाळ्यात त्या ऑफिसात टिकणार कसं? खिळ्याचं सोडा, हवेचं काय?

आधी त्या खिळ्याचा निकाल लावून टाकू. कोरियन सुतारकामात खिळे वापरतात. छपराचे वासे ठोकायला लोखंडी खिळे असतात, दारांना लोखंडी बिजागऱ्या आणि कड्या असतात. आणि गोंद तर असतोच, तिथले जुने सुतार माशाच्या पोटातल्या हवेच्या पिशवीपासून केलेला सरस वापरायचे, आणि तो मासा आपल्या घोळीच्याच कुळातला. म्हणजे "एक थेंब गोंद नाही" ही रीलवाल्याची भर. जोड मात्र खरंच देखणे असतात, एका लाकडाला जीभ, दुसऱ्याला खाच, आणि दोन्ही एकमेकांत असे बसतात की वरून फक्त एक रेष दिसते. ज्यांचं हे काम त्यांचे तिथे दोन प्रकार: देमोक म्हणजे मोठं लाकूड, खांब, तुळया, छप्पर करणारे, आणि सोमोक म्हणजे लहान लाकूड, दारं, खिडक्या, कपाटं, पेट्या करणारे. ऑफिसातली जाळी हे सोमोकवाल्यांचं काम.

आता मूळ मुद्दा, आणि त्यासाठी सोलमधलीच एक जाहीर फजिती सांगतो. तिथल्या जुन्या राजवाड्याचा मुख्य दरवाजा, ग्वांगह्वामुन, लाकडात पुन्हा बांधून १५ ऑगस्ट २०१० ला लोकांसाठी उघडला (हो, त्यांचाही स्वातंत्र्यदिन १५ ऑगस्टच). वर नावाची भलीमोठी पाटी, पाइनच्या लाकडाची. तीन महिने पण झाले नाहीत आणि नोव्हेंबरमध्ये पाटीला उभी चीर! देशाच्या तोंडावरची पाटी, आणि त्याच वर्षी युनेस्कोने देमोक कारागिरी अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलेली. सरकारी खातं म्हणालं, कोरड्या हवेमुळे लाकूड आकसलं. जाणकार म्हणाले, लाकूड नीट वाळवलंच नव्हतं, उद्घाटनाची घाई केली. पेपरात जुंपली. शेवटी नवी पाटी लागली ती ऑक्टोबर २०२३ मध्ये, काळ्यावर सोनेरी अक्षरांची.

गंमत अशी की दोन्ही बाजू एकच गोष्ट दोन टोकांनी सांगत होत्या. लाकूड वाळलेलं आहे की नाही हा प्रश्नच अर्धा आहे. कुठल्या हवेच्या मानाने वाळलेलं, हे विचारायला पाहिजे.

शाळेत शिकलोय तेवढं आठवा: लाकूड म्हणजे पेशींच्या नळ्या, भिंती सेल्युलोजच्या. ताज्या लाकडात पाणी दोन ठिकाणी असतं, नळीच्या पोकळीत आणि नळीच्या भिंतीत. पोकळीतलं आधी उडतं, त्याने वजन कमी होतं पण आकार बदलत नाही. ते संपलं की लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या साधारण तीस टक्के पाणी उरतं, आणि ते सगळं भिंतीत. इथून खाली प्रत्येक टक्क्याला लाकूड आकसतं. आणि ते शून्यापर्यंत कधीच जात नाही, बाहेरच्या हवेशी बरोबरी होईल तिथे थांबतं. हवेत ८० टक्के दमटपणा असेल तर लाकडात साधारण १६ टक्के पाणी, ६५ असेल तर १२, आणि २५ असेल तर पाच-साडेपाच. हवा बदलली की लाकूड परत देवाणघेवाण सुरू करतं, मग ते काल तोडलेलं असो की आजोबांच्या वाड्यातलं. "जुनं मुरलेलं लाकूड आहे साहेब, आता हालणार नाही" हे वाक्य मी तीन सुतारांकडून ऐकलंय, आणि तिघांचीही दारं जुलैत अडकली.

आता माझी आवडती गोष्ट. आकसतं, पण सगळीकडे सारखं नाही. पेशीच्या भिंतीत सेल्युलोजचे अतिबारीक धागे असतात, आणि भिंतीच्या सगळ्यात जाड थरात ते जवळजवळ खोडाच्या लांबीच्याच दिशेने, किंचित तिरके, दोरीच्या पिळासारखे गुंडाळलेले असतात. पाणी या धाग्यांच्या मधे शिरतं, धाग्याच्या आत नाही. खराट्याची जुडी डोळ्यासमोर आणा, काड्यांच्या मधे ओली वाळू भरली तर जुडी जाड होईल, लांब नाही होणार. लाकडाचं तसंच. पूर्ण ओल्यापासून पूर्ण कोरडं होईपर्यंत लांबीत फरक पडतो शेकडा ०.१ ते ०.२, म्हणजे विसरून जा. आडव्या दिशेला मात्र कित्येक टक्के. त्यातही गाभ्याकडून सालीकडे जितकं आकसतं त्याच्या जवळपास दुप्पट आकसतं खोडातल्या वाढीच्या वर्तुळांना धरून. म्हणून तर गोल ओंडका उन्हात टाकला की पाचरीसारखी फट पडते: परीघ दुपटीने आकसतोय, त्रिज्या त्या मानाने नाही, मग परीघ पुरणार कसा, फाटतोच.

हिशोब करून बघू. पाइनसारख्या लाकडात पाण्याचा एक टक्का गेला की वर्तुळांच्या दिशेने साधारण पाव टक्का रुंदी जाते. ३०० मिलिमीटर रुंदीची फळी, सोलच्या जुलैत १६ टक्क्यांवर, जानेवारीत हीटर लावलेल्या खोलीत ६ वर. दहा टक्के गुणिले पाव, अडीच टक्के, म्हणजे साडेसात मिलिमीटर. एका फळीत! ती फळी दोन्ही कडांना घट्ट ठोकली असेल तर ते साडेसात मिलिमीटर कुठूनतरी येणार, आणि ते येतात चीर पडून.

आता त्या कोरियन दाराकडे परत बघा. दोन मीटर उंच दार, आणि त्यात फळीच नाही. बारीक उभ्या काड्या, आडव्या काड्या, बाहेरून चौकट, बस. दहा मिलिमीटरची काडी अडीच टक्क्यांनी आकसली तर पाव मिलिमीटर. आणि दाराची उंची-रुंदी ठरते ती मुख्यतः काड्यांच्या आणि चौकटीच्या लांबीवर, जी दिशा हालतच नाही. म्हणजे जाळी ही नुसती नक्षी नाही हो, लाकडाची आडवी दिशा जवळपास काढून टाकून मोठा पृष्ठभाग करायची युक्ती आहे. मला हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी अक्षरशः उठून घरात एक फेरी मारली. तिथल्या जुन्या कपाटांचं पण तेच, दर्शनी भाग लहान लहान चौकोनांत तोडलेला, प्रत्येक चौकोनात पातळ फळी खाचेत नुसती सरकवलेली. जिथे उन्हाळा चिंब आणि हिवाळा खडखडीत कोरडा, शिवाय खालून जमीन तापवायची ओंदोल पद्धत, तिथे सुतार दुसरं करणार काय. नेसोसा नावाच्या देवळाची फुलांच्या जाळीची दारं प्रसिद्ध आहेत, फोटो बघाच, प्रत्येक काडीवर पाकळ्या कोरलेल्या, पण आत व्याकरण हेच.

या पाव मिलिमीटरची पण एक भानगड आहे. जाळीत दोन काड्या जिथे एकमेकींना छेदतात तिथे दोघींची अर्धी जाडी कापून एकीत एक बसवतात. खाचेची रुंदी ही, जिच्यात खाच कापली त्या काडीच्या लांबीच्या दिशेने असते, म्हणजे खाच बदलत नाही, पण तिच्यात बसलेली काडी बारीक-जाड होते. दमट दिवसात घट्ट बसवली तर कोरड्यात प्रत्येक जोड पाव मिलिमीटरने ढिला, आणि एका दारात असे शंभर-दीडशे जोड, दार खुळखुळ्यासारखं वाजेल. उलट कोरड्यात बसवली तर दमट हवेत काडी फुगू बघते, खाच तिला फुगू देत नाही, मग काडीचे तंतू स्वतःच्याच दाबाने चेपतात. आणि पुन्हा कोरडं झालं की चेपलेले तंतू परत पूर्वीसारखे होत नाहीत, काडी मूळ मापापेक्षा बारीक होते.

अवघड वाटलं तर कुदळीचा दांडा आठवा. दांडा ढिला झाला की गडी कुदळ रात्रभर पाण्यात बुडवून ठेवतो, सकाळी घट्ट. दोन दिवसांनी पहिल्यापेक्षा जास्त ढिला. का? कारण लोखंडाच्या भोकात फुगायला जागा नव्हती, तंतू चेपले, वाळल्यावर दांडा आधीपेक्षा बारीक. दरवेळी बुडवलं की दरवेळी थोडा अजून बारीक. उपाय म्हणून आपण जे करतो तेच रोग वाढवतंय. जाळीच्या कारागिराला म्हणूनच मधला रस्ता काढायला लागतो: जिथे दार राहणार तिथल्या हवेच्या कोरड्या बाजूला थोडं झुकलेलं माप धरायचं, फार नाही. हे माप सगळं ऑफिसवर ठरतं, आणि इथेच रीलमधली बासरी बंद पडते.

सोलची जानेवारीची हवा समजा उणे ५ अंशाला आहे, दमटपणा ६०. थंड हवेत मुळात वाफ मावतेच किती. तीच हवा आत घेऊन २२ अंशाला तापवली, पाणी काही घातलं नाही, तर दमटपणा येतो दहाच्या खाली. माणसांचे श्वास, कुंड्या, ह्युमिडिफायर धरून समजा पंचवीस. म्हणजे लाकूड जाणार पाच-साडेपाच टक्क्यांवर. आणि उघड्या शेडमध्ये सावलीत रचून वाळवलेलं लाकूड, पाच वर्षं ठेवा नाहीतर पंचवीस, तिथल्या हवेत बारा ते पंधराच्या खाली फारसं जाणार नाही, कारण बाहेरची हवाच तेवढी. हानोक, म्हणजे तिथलं पारंपरिक लाकडी घर, त्याला हे पुरत होतं, घर फटीफटींतून वारा खाणारं. काचेच्या ऑफिसला नाही पुरत. अनुभवी कारागिराचं उत्तम वाळवलेलं लाकूड तिथे ओलंच ठरतं. त्यामुळे आधी भट्टीत आठ-नऊ टक्क्यांवर आणायचं, मोईश्चर मीटर टोचून बघायचं, मग लाकूड त्याच इमारतीत, एसी-हीटर चालू असताना, दोन-तीन आठवडे मधे पट्ट्या ठेवून रचून ठेवायचं. प्लास्टिकमध्ये गुंडाळून बेसमेंटला ठेवलं तर लाकडाला त्या हवेचा सराव होत नाही, ती नुसती साठवण होते.

कागदाचं थोडक्यात. जाळीवर हान्जी चिकटवतात, तुतीच्या जातीच्या झाडाच्या सालीचा लांब धाग्यांचा कागद, कोरियात तो आतल्या बाजूने, म्हणून बाहेरून जाळी उठून दिसते. जपानी दारात उलट. खळीने चिकटवून वरून पाण्याचा फवारा मारला की वाळताना ताणून ढोलकीसारखा होतो, आणि ढिल्या काड्यांनाही तोच बांधून ठेवतो.

एक सांगायचंच राहिलं. असल्या कामाच्या जाहिरातीत हल्ली "लाकूड श्वास घेतं, फायटनसाइड सोडतं, ताण कमी होतो, रोगप्रतिकारशक्ती वाढते" असं लिहिलेलं असतं (फायटनसाइड म्हणजे झाडातून बाहेर पडणारी वासाची द्रव्यं), कोरियात तर फायटनसाइडच्या नावावर उशांपासून स्प्रेपर्यंत सगळं विकतात. वास येतो, छान येतो, मान्य. पण तोडलेलं लाकूड श्वास घेत नाही, ते मेलेलं आहे. पाण्याची वाफ आत-बाहेर होते, जशी मिठाच्या बरणीत होते, आणि पावसाळ्यात मीठ ओलं झालं म्हणून ते जिवंत आहे असं कोणी म्हणत नाही.

बसवण्याकडे येतो. ऑफिसची भिंत दिसते सरळ, ओळंबा लावला की कळतं वरून खाली बारा मिलिमीटर बाहेर आलीय. कोरियन सुतारांकडे यावर जुनं उत्तर आहे, ग्रेंगी. हानोकचा खांब न तासलेल्या ओबडधोबड दगडावर उभा करतात, आणि दगड तासायच्या ऐवजी खांबाचा बूड दगडाच्या आकारात कापतात. बांबूचं दोन टोकांचं चिमट्यासारखं साधन, एक टोक दगडावरून फिरवायचं, दुसरं शाईने खांबावर तीच वळणं काढत जातं, मग तेवढं कापायचं. काँक्रीटच्या वाकड्या भिंतीला लाकडी चौकट बसवताना नेमकं हेच करता येतं, भिंत दगड समजायची आणि चौकट खांब.

फक्त एक फरक. खांब दगडावर टेकवतात, पण चौकट भिंतीला सगळीकडून टेकवायची नाही. एका बाजूने पक्की, बाकी बाजूंनी स्क्रूची भोकं लांबट, म्हणजे लाकूड सरकलं तर स्क्रू आडवा येत नाही, आणि कडेला पाच-सहा मिलिमीटरची फट मुद्दाम ठेवून वरून पातळ पट्टी, जी चौकटीला लावलीय, भिंतीला नाही. आमच्या ऑफिसच्या रिसेप्शनमागे कंत्राटदाराने सागाची मोठी फळ्यांची भिंत केली होती, साग तसं कमी हालणारं लाकूड, पण चारही बाजूंनी फट बुजवून, मागे सगळीकडे चिकटवून. सहा महिन्यांत मधोमध चीर, आणि ती झाकायला आता तिथे कंपनीचा लोगो आहे, थोडा डावीकडे सरकलेला. त्यामुळे फट ठेवायची. फट ठेवली, पट्टी लावली, कारागीर हत्यारं गोळा करून निघाले की तासाभरात मेंटेनन्सचा माणूस हातात गन घेऊन येतो आणि विचारतो, "सर, इथे फट राहिलीय, सिलिकॉन मारून टाकू का?"