मामाचा बाबा होतो तेव्हा

नाक चिमटीत घट्ट धरा आणि ‘काका’ म्हणा. काही फरक पडत नाही. आता तसंच ‘मामा’ म्हणून बघा. आवाज डोक्यातच घुमतो, आणि जोर लावलात तर ‘बाबा’ बाहेर पडतो. सर्दी झालेल्या माणसाचं हेच होतं. गंमत म्हणजे आपण वर ‘नाकात बोलतोय’ म्हणतो; त्या बिचाऱ्याच्या आवाजाला तर नाकात शिरायला वाटच नसते.

ही वाट उघडते-मिटते ती नाकाच्या मागे, घशाच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर. डॉक्टरी मराठीत याला नासाग्रसनी म्हणतात. मोठ्या माणसातही ही खोली जेमतेम ४ सेंटिमीटर उंच. छताला कवटीचा तळ, पाठीशी मानेचे मणके, समोर नाकाची दोन मागची दारं. खालची जमीन मात्र हलती: मऊ टाळू. घास गिळताना ती वर उचलली जाते आणि खोली बंद होते. पाणी पिताना कुणी हसवलं की तिचा नेम चुकतो आणि पाणी नाकातून येतं.

‘आ करा’ म्हणून डॉक्टर बॅटरी मारतात तेव्हा टॉन्सिल दिसतात, पडजीभ दिसते. तिच्या मागे वर असलेली ही खोली दिसत नाही. कोविडच्या काळात पुष्कळांना वाटायचं की काडी वर मेंदूकडेच चाललीय. ती जायची सरळ मागे. नाक बाहेरून उंच दिसलं तरी आतली वाट टाळूला समांतर, आडवी असते. जलनेती करणाऱ्यांना हे ठाऊक असतं: नाकाचा मधला पडदा या खोलीशी संपतो, म्हणून एका नाकपुडीतलं पाणी इथे वळसा घालून दुसरीतून येतं.

खोलीच्या दोन्ही भिंतींत कानाकडे जाणारी एकेक नळी उघडते. सोळाव्या शतकातल्या इटलीच्या बार्तोलोमेओ युस्टाकी यांचं नाव तिला मिळालं. एरवी ती मिटलेली असते. गिळताना, जांभई देताना क्षणभर उघडते. खंडाळ्याचा घाट चढताना कानातली जादा हवा आपसूक बाहेर पडते, पण उतरताना बाहेरची हवा आत घ्यायला नळी मुद्दाम उघडावी लागते. म्हणून दडे बसतात ते जास्त करून उतरताना. आवंढा गिळायचा.

लहान मुलांत ही नळी आखूड आणि बरीच आडवी असते. त्यात छताजवळ अ‍ॅडेनॉइडची, म्हणजे टॉन्सिलसारख्याच मांसाची, गादी. ती फार वाढली की मूल तोंड उघडं टाकून झोपतं, घोरतं, हाक मारली तर ‘ओ’ देत नाही. घरचे त्याला हट्टी ठरवतात. कानात पाणी साठलंय हे फार उशिरा कळतं. कोपनहेगनचे डॉक्टर विल्हेल्म मेयर टाळूमागे बोट घालून ही गादी चाचपत. त्यांनी १८६८ मध्ये हा आजार मांडला, आणि अशा रुग्णांचे ‘म’, ‘न’ बिघडतात हेही टिपलं. वयात येता येता गादी बहुधा आटून जाते.

नळीच्या तोंडामागे एक खोलगट कोनाडा आहे. या जागेचा कर्करोग बहुतेकदा तिथून सुरू होतो. दक्षिण चीनमध्ये आणि आपल्याकडे नागालँडमध्ये तो इतर ठिकाणांपेक्षा जास्त आढळतो. कोनाडा अडगळीतला, त्यामुळे सुरुवातीला दुखत-खुपत नाही. मोठ्या माणसाचा एकच कान सर्दीशिवाय कित्येक आठवडे दडलेला राहिला, किंवा मानेत न दुखणारी गाठ आली, तर कान-नाक-घशाचे डॉक्टर दुर्बीण घालतात ती याच कोनाड्यासाठी.