जर्मन केबिनमधले लिव्हर आणि मॉडेलातला अर्धा फेरा : पार्श्वभूमी

जर्मन स्टेशनाचे मॉडेल करणारे इंजिनाच्या रंगाची छटासुद्धा जुळवतात आणि केबिनमध्ये, म्हणजे सिग्नल आणि सांधे चालवणाऱ्या खोलीत, मात्र ब्रिटिश घडणीचे लिव्हर बसवतात. ही चूक उमगायची तर लिव्हरच्या मागची तार बघावी लागते.

इंटरलॉकिंग, म्हणजे सिग्नल आणि सांधे एकमेकांत अडकवून चुकीची चाल रोखणारी व्यवस्था, जर्मनीत इंग्लंडहूनच आले. पण इंग्लंडमध्ये सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे हलते रूळ, लोखंडी दांड्यांनी हलवत. जर्मनीत मात्र सिग्नलप्रमाणे सांध्यांनाही दुहेरी तार रुजली. एक तार ओढली की दुसरी परत जाते, म्हणून लिव्हरला चाक जोडलेले असते आणि तो वरून खाली अर्धा फेरा, 180 अंश, फिरतो. मूळ स्थितीत सगळ्या मुठी वर. भारतातल्या डबल वायर केबिनमध्ये काम केलेल्यांना ही चाल ओळखीची वाटेल.

1911 पासून आकाराला आलेल्या एकसमान नमुन्यात, म्हणजे ‘आइनहाइट’मध्ये, तार 500 मिमी सरकते. अर्ध्या फेऱ्यात 500 मिमी, म्हणजे चाकाचा व्यास साधारण 318 मिमी. 1:87 मापाच्या मॉडेलात तो जेमतेम 3.7 मिमी होतो, 1:45 मध्ये 7 आणि 1:22.5 मध्ये 14 मिमी. मात्र त्याआधीचे, प्रत्येक कारखान्याचे वेगळ्या घडणीचे लिव्हरही कित्येक केबिनमध्ये पुढे दशकानुदशके टिकले. त्यामुळे आपल्या स्टेशनात कोणता नमुना होता ते पाहिल्याशिवाय ही मापे लावू नयेत.

खरा गुंता आहे हिरव्या लिव्हरचा. सांध्याचे लिव्हर निळे, सिग्नलचे लाल, इथवर कोणाचे दुमत नाही. हिरव्याचे जर्मन नाव ‘फारश्ट्रासेनहेबेल’, म्हणजे मार्गाचा लिव्हर. त्यातला ‘हेबेल’ (लिव्हर) वाचून अनेकांनी लाल-निळ्यांच्या रांगेत तेवढाच उंच हिरवा लिव्हर उभा केला. आइनहाइटमध्ये तसे नसते. हा लिव्हर कुठलीच तार ओढत नाही. तो ब्लॉकच्या, म्हणजे विजेने कुलूप लावणाऱ्या यंत्राच्या, पेटीखाली बसवलेला हातभर लांबीचाही नसलेला दांडा आहे. वर फिरवला तर एक मार्ग, खाली फिरवला तर दुसरा. त्याने सरकणारी पट्टी कुलुपांच्या पेटीतून जाते, मार्गातले निळे लिव्हर अडकवते आणि लाल लिव्हरची वाट मोकळी करते. जिथे मार्ग पक्का करणारा ब्लॉक असतो, तिथे आधी त्याचे बटण दाबून जनरेटरची मूठ फिरवायची, तेव्हाच लाल लिव्हर सुटतो. हा क्रम न दाखवणाऱ्या मॉडेलला मी अचूक म्हणणार नाही, मग रंगकाम कितीही देखणे असो. रांगेतला उंच हिरवा लिव्हर ‘दिसायला बरा’ म्हणून ठेवणे मला पटत नाही, कारण त्याने केबिनचे कामच उलटे समजते.

1948 पासून रिलेवर चालणारी केबिन आली, 1980 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक. तरी यांत्रिक केबिन आजही शेकड्यांनी चालू आहेत, त्यामुळे मोजमाप घ्यायला जिवंत नमुना सापडतो. बंद झालेल्या केबिनमधले खरे लिव्हर काहींनी घरी आणून त्यांच्यामागे स्विच बसवले आणि त्यांवरच छोटी स्टेशने चालवली. थ्री-डी छपाईने बारीक मुठी सोप्या केल्या, पण अर्धा फेरा अजून अडतो: हौशी सर्व्हो (ठरावीक कोनात फिरणारी छोटी मोटर) बहुतेकदा 90 अंशांसाठी लावलेला असतो, म्हणून मधे एकास दोन दातेरी चाके घालावी लागतात.

सर्वांत दुर्लक्षित राहतो तो गाडीने रेटलेला सांधा. चुकीच्या बाजूने आलेल्या गाडीने सांधा रेटला, तर चाक लिव्हरपासून सुटून फिरते, लिव्हर जागीच राहतो, आणि त्या सांध्यावरून जाणारा कोणताही मार्ग लावता येत नाही. हे मोठ्या मापात जमते. आणि खालचा मजला रिकामा सोडू नये: तारा ताणून धरणारी वजने बऱ्याच केबिनमध्ये तिथेच लटकतात, आणि सिग्नलची तार तुटली तर तीच खाली पडून सिग्नल ‘थांबा’वर आणतात.