दरड सुटण्याची जागा आणि दरड पोहोचण्याची जागा

दर पावसाळ्यात इगतपुरी, त्र्यंबकेश्वर किंवा सुरगाण्याच्या बाजूला कुठेतरी दरड कोसळल्याची बातमी येते आणि पाठोपाठ नाशिकमधल्या परिचितांचा ठरलेला प्रश्न येतो : 'आमचा प्लॉट दरडप्रवण भागात येतो का?' विचारणाऱ्याने बहुधा त्र्यंबक रस्त्याला किंवा घोटीच्या पुढे दहा-वीस गुंठे घेतलेले असतात, सातबारा आणि बिनशेतीचा आदेश त्याच्या हाती असतो आणि नकाशात आपल्या प्लॉटवर लाल रंग नाही, हे कोणीतरी त्याला दाखवलेले असते. या एका प्रश्नात दोन निराळे प्रश्न मिसळलेले आहेत. जमीन कुठून सुटेल, हा एक. आणि सुटलेली जमीन कुठवर येईल, हा दुसरा. घराला परवानगी द्यायची की नाही, हे ठरवताना पहिल्याचे उत्तर सर्रास दुसऱ्यालाही लावले जाते, आणि ही गल्लत मी इतक्या वेळा पाहिली आहे की ती एकदा सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

दरड सुटण्याची जागा बहुतेकांना ओळखता येते, म्हणून तिच्याविषयी थोडक्यात सांगतो. आपल्याकडचा सह्याद्री म्हणजे एकावर एक रचलेले बेसाल्टचे थर. काही थरांच्या मध्ये लालसर, मातकट पट्टा असतो. भेगांतून मुरलेले पाणी अशा पट्ट्यावर किंवा घट्ट खडकावर अडते, वरच्या माती-मुरुमातला पाण्याचा दाब वाढतो आणि तो थर उतारावरची पकड सोडतो. उतार तीव्र असला, पायथा खणून काढलेला असला किंवा वर पाणी साचत असले, तर धोका वाढतो. महाराष्ट्रात १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकामाला सामान्यतः मनाई आहे. कड्यावरून सुटे खडक पडणे आणि मातीचा आख्खा उतार सरकणे या दोन्हींना वर्तमानपत्रे 'दरड कोसळली' असेच म्हणतात. तो शब्दांचा घोळ किरकोळ आहे आणि त्यावर वेळ घालवण्याचे कारण नाही.

खरी फसगत दुसऱ्या जागेच्या बाबतीत होते. दरड पोहोचण्याची जागा अनेकदा जवळजवळ सपाट असते. ती स्वतः कधीच सरकणार नसते, म्हणून तिच्यावर उभे राहिल्यावर भीती वाटत नाही. पाया मजबूत लागतो, विहिरीला पाणी असते, बैलगाडी किंवा मोटार दारापर्यंत येते. घर बांधायला माणूस जी जागा पसंत करील, तिचे हे सगळे गुण असतात. मात्र तिच्या डोक्यावर कित्येक मीटर उंचीचा उतार असतो आणि त्या उतारावरून एखादी घळ थेट तिच्याकडे उतरत असते.

सुटलेली माती वाटेत पाण्याला मिळाली की तिचा चिखल होतो, आणि तो चिखल झाडे, धोंडे व वाटेतला जुना गाळ उचलत घळीतून ओढ्यासारखा धावतो. कोरड्या दगडांचा ढिगारा पायथ्याशी लवकर विसावतो. चिखलाचा लोंढा तसा थांबत नाही. स्विस भूवैज्ञानिक आल्बर्ट हाइम यांनी १९३२ मध्ये यासाठी एक सोपे माप मांडले : दरड सुटली ते सर्वांत वरचे टोक आणि राडारोडा थांबला ते सर्वांत खालचे टोक यांना जोडणाऱ्या रेषेचा उतार पाहायचा. डोंगर ३०० मीटर उंच असेल आणि या रेषेचा उतार दोनास एक असेल, तर राडारोडा त्या वरच्या टोकापासून आडव्या अंतराने ६०० मीटरवर थांबेल. तोच उतार पाचास एक असेल, तर दीड किलोमीटरवर. 'डोंगर लांब आहे हो' असे जेव्हा कोणी म्हणते, तेव्हा हे दीड किलोमीटर त्याच्या हिशेबात नसतात.

वायनाडमध्ये ३० जुलै २०२४ रोजी दरड सुमारे १,५५० मीटर उंचीवर सुटली आणि लोंढा सुमारे आठ किलोमीटर वाहत पुंचिरीमट्टम, मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांतून गेला. चूरलमला येथील अनेक घरे नदीकाठच्या जमिनीवर होती. त्यांच्या अंगणात उतार असा नव्हताच. वर दरड जिथून सुटली, तिथे पूर्वीही दरड सुटल्याची नोंद होती. लोंढ्याची वाट एकदा पडली की पुढचा लोंढा बहुधा तीच धरतो.

आता नकाशाविषयी. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाने २०१४ पासून देशाच्या डोंगराळ भागाचे दरडप्रवणतेचे नकाशे तयार केले, ते १:५०,००० या प्रमाणात आहेत. म्हणजे कागदावरचा एक सेंटिमीटर जमिनीवर ५०० मीटर. दहा गुंठ्यांचा चौकोनी प्लॉट जेमतेम ३२ मीटर लांब-रुंद असतो. या नकाशावर तो एक मिलिमीटरही भरत नाही, पेन्सिलीच्या टोकाखाली झाकला जातो. तालुक्याचे नियोजन करण्यासाठी हा नकाशा उत्तम आहे, एका घराची परवानगी त्याच्यावर ठरवता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे हा नकाशा सुटण्याच्या जागा सांगतो. पायथ्याच्या सपाटीवर तो 'कमी प्रवणता' दाखवतो आणि ते बरोबरच आहे, कारण सपाट जमीन सरकत नाही. लोक मात्र त्या रंगाचा अर्थ 'सुरक्षित' असा लावतात. नकाशात आपल्या प्लॉटचा रंग पाहणे पुरेसे नाही. प्लॉटपासून चढावाच्या दिशेने, ओढ्याच्या उलट, थेट डोंगरमाथ्याच्या धारेपर्यंत बोट फिरवावे आणि वाटेत कोणते रंग लागतात ते पाहावे.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी गाडली गेली. ती दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे तेव्हा विधिमंडळात सांगण्यात आले; तीन दिवसांत ४९९ मिलिमीटर पाऊस झाल्याचेही सांगण्यात आले. त्याआधी ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणमध्ये १५१ माणसे गेली. तिथे गावाच्या वरच्या उतारावर शेतीसाठी झालेल्या सपाटीकरणाची पुष्कळ चर्चा झाली. त्या चर्चेत कोणाची बाजू खरी, हा इथे मुद्दा नाही. पायथ्याला राहणाऱ्याचा धोका त्याच्या हद्दीबाहेर, दुसऱ्याच्या जमिनीत तयार होतो, एवढे त्यातून नक्की कळते.

काही वर्षांपूर्वी ब्रह्मगिरीच्या रांगेच्या पायथ्याशी एका नातेवाइकाच्या प्लॉटवर शोषखड्डा खणत होते, तेव्हा मी तिथे होतो. खड्डा सहा-सात फूट खाली गेला होता आणि उभ्या कापात तपकिरी मातीत टोकदार धोंडे रुतलेले दिसत होते : कोणी डोक्याएवढा, कोणी मुठीएवढा, कोणी आडवा, कोणी उभा, थर असा कुठेच नाही. आयुष्यभर विहिरी खणलेले एक वृद्ध गृहस्थ काठावर बसले होते. ते म्हणाले, "हे जागचं नाही भाऊ, वरून आलेलं आहे." जागच्या मुरुमात खडक कांद्यासारखा पापुद्र्यापापुद्र्याने सुटतो आणि मूळच्या भेगांच्या रेषा शाबूत दिसतात, नदीने आणलेले गोटे गुळगुळीत आणि बहुधा थरांनी बसलेले असतात. मातीत तरंगल्यासारखे विखुरलेले टोकदार दगड मात्र उतारावरून आलेले असतात. ते हजार वर्षांपूर्वी आले की शंभर, हे त्या खड्ड्यातून कळत नाही, पण इथवर येणारी वाट आहे हे कळते. घळीच्या तोंडाशी पंख्यासारखी पसरलेली, मधोमध किंचित फुगीर जमीन दिसली, तरी अर्थ तोच. दुर्दैवाने अशीच जमीन 'डोंगराच्या कुशीत' म्हणून विकली जाते आणि ते दोन शब्द जाहिरातीत दिसले की मला मनापासून वाईट वाटते.

हा फरक मान्य केला की परवानगीचे निर्णयही वेगळे होतात. सुटण्याच्या जागेवर अभियांत्रिकीला काहीतरी करता येते : पाणी बाहेर काढणे, कापाचा उतार कमी ठेवणे, पाणी झिरपायला भोके ठेवलेली भिंत बांधणे. कड्यावरून सुटे दगड येत असतील, तर घाटरस्त्यांवर बसवतात तशा जाळ्या आणि दगड अडवणारे चर उपयोगी पडतात. लोंढ्याच्या वाटेत मात्र एकट्या घरासाठी असा उपाय नाही, आणि तिथे नव्या घराला परवानगी नाकारावी, असे माझे ठाम मत आहे. स्वित्झर्लंडमध्ये धोक्याच्या नकाशावर लाल पट्ट्यात नवे बांधकाम होत नाही आणि निळ्या पट्ट्यात अटींवर होते. त्या नकाशांत राडारोडा पोहोचण्याची जागाही धरलेली असते. आपल्याकडे निदान डोंगरपायथ्याच्या अर्जांपुरती तरी ही पद्धत यायला हवी.

'शंभर वर्षांत इथे काही झाले नाही' हे उत्तर मी स्वीकारत नाही, कारण ज्या घळीतून शंभर वर्षांत काही आले नाही, तिच्यात तेवढ्या काळाचा गाळ आणि दगड साठलेले असतात. बिनशेतीचा आदेश जमिनीच्या वापराविषयी बोलतो. डोक्यावरच्या उताराविषयी तो काही सांगत नाही. बांबू किंवा वाळा लावल्याने वरवरची माती धरली जाते, मुळांच्या खाली खोलवर सरकणारा थर धरला जात नाही.

पिढ्यान् पिढ्या पायथ्याशी राहणाऱ्या वाड्या आणि मेटे, म्हणजे डोंगराजवळच्या लहान वस्त्या, यांचा प्रश्न निराळा आहे. त्यांना उठवायचे तर जमीन, पाणी आणि रोजगार यांची सोय आधी करावी लागते, आणि ती होईपर्यंत पावसाळ्यातल्या रात्री त्यांना वेळेवर खाली आणण्याची व्यवस्था लागते. नव्या प्लॉटधारकाला 'नाही' म्हणण्यासाठी यातले काहीच लागत नाही. म्हणून त्याच्या अर्जासोबतचा उतारदर्शक नकाशा प्लॉटच्या कुंपणापाशी संपू नये. डोंगराच्या धारेपासून घळीच्या तोंडापर्यंतचा सलग छेद त्यात असावा, त्यावर घराची जागा खुणेने दाखवलेली असावी आणि तपासणीला येणाऱ्याने जुलै-ऑगस्टच्या पावसात ती घळ पायी चढून पाहिलेली असावी.