संख्याबोध : सोलापूरच्या बहुभाषिक वर्गातील अध्यापन आणि मूल्यमापन

संख्याबोध म्हणजे संख्येचे नाव, तिचे चिन्ह आणि तिने दाखवलेल्या वस्तू या तिघांची सांगड घालता येणे, आणि ती घातल्यावर संख्या हवी तशी फोडता-जोडता येणे. शंभरपर्यंत घडाघडा म्हणून दाखवणाऱ्या मुलाकडे तो असेलच असे नाही. तेरा चिंचोके पुढे ठेवून ‘मला नऊ दे’ म्हटल्यावर जे मूल नवावर थांबत नाही, समोरचे सगळेच पुढे सरकवते, त्याला संख्यानामांची ओळ पाठ आहे, मोजणी आलेली नाही. पाठांतर आणि मोजणी यांत शाळेतही आणि घरीही सर्रास गल्लत होते.

मोजणी ही एकच क्रिया दिसली तरी तिच्यात अनेक गोष्टी आहेत. रॉशेल गेल्मन आणि सी. आर. गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये तिची पाच तत्त्वे मांडली: एका वस्तूला एकच नाव देणे, नावांचा क्रम कायम ठेवणे, शेवटचे नाव हीच एकूण संख्या मानणे, कोणत्याही वस्तू मोजता येतात हे कळणे आणि मोजायला कुठूनही सुरुवात केली तरी संख्या बदलत नाही हे कळणे. यांतले तिसरे बऱ्याच मुलांचे कच्चे असते. सात शेंगा मोजून झाल्यावर ‘किती?’ विचारले, की ते मूल ‘सात’ न म्हणता पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागते. मोजणीखेरीज तीन-चार वस्तू न मोजता एका नजरेत ओळखणे, लहान-मोठे ठरवणे, अंदाज बांधणे, दहाच्या जोड्या (७ आणि ३, ६ आणि ४) तोंडावर असणे आणि दशक-एकक समजणे हेही संख्याबोधात येते.

संख्यानामांची अडचण. मराठीत ११ ते ९९ मधील बहुतेक नावे स्वतंत्रपणे पाठ करावी लागतात. शिवाय त्यांत एकक आधी ऐकू येतो: ‘त्रेपन्न’मध्ये तीन पुढे, पन्नास मागे. १९, २९, ३९ पासून ८९ पर्यंतची नावे तर पुढच्या दशकातून एक वजा करून बनतात (एकोणतीस, एकोणसाठ), आणि ९९ ला आल्यावर हा नियमही मोडतो, कारण तिथे ‘नव्व्याण्णव’ येते. त्यामुळे श्रुतलेखनात त्रेपन्नला ३५ आणि एकोणसाठला ६९ लिहिले जाते. मूल कानाला आले तसेच लिहिते.

सोलापुरात याला आणखी एक पदर आहे. शहराच्या पूर्व भागात विणकामाच्या निमित्ताने स्थिरावलेल्या पद्मशाली कुटुंबांत तेलुगू बोलली जाते. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरकडच्या घरांत कन्नड आहे, इतर अनेक घरांत उर्दू किंवा दख्खनी. तेलुगूत ५३ म्हणजे ‘याभै मूडु’, कन्नडमध्ये ‘ऐवत्तमूरु’. दोन्हींत पन्नास आधी, तीन नंतर, म्हणजे अंक लिहितो त्याच क्रमाने. उर्दूची नावे मराठीसारखीच एककापासून सुरू होतात, पण तिची लिपी उजवीकडून डावीकडे जाते आणि तिच्यातली संख्या मात्र डावीकडून उजवीकडे लिहितात. सबब तेलुगू किंवा कन्नड घरातले मूल मराठी माध्यमात ५३ ला अडखळले, तर त्याचे गणित कच्चे आहे असा निष्कर्ष लगेच काढू नये. त्याला घरच्या भाषेत संख्या म्हणू द्यावी, पन्नासच्या कार्डावरील शून्यावर तीनचे कार्ड ठेवून ५३ दाखवावे आणि मग ‘पन्नास आणि तीन, त्रेपन्न’ अशी जोड द्यावी. दोन्ही रूपे काही महिने बरोबरच चालू द्यावीत.

बालभारतीच्या इयत्ता दुसरीच्या पुस्तकात २०१९ मध्ये २१ ला ‘वीस एक’ अशी वाचनाची रीत आली तेव्हा राज्यभर वाद झाला. पुस्तकाच्या गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकर होत्या. वादात थट्टाच जास्त झाली. ज्या वर्गात तेलुगू आणि कन्नड बोलणारी मुले बसतात तिथे ही रीत पूल म्हणून उपयोगी पडते. रूढ नावे मात्र शिकवावीच लागतात, कारण बाजारात कोणी ‘वीस एक रुपये’ म्हणत नाही.

अध्यापनाचा क्रम. अनुभव, भाषा, चित्र आणि शेवटी चिन्ह या क्रमाने जावे. वर्गाला १०० काड्या आणि रबर, दहा-दहा मण्यांचा रंग आलटून-पालटून येणारी १०० मण्यांची माळ, दोन ओळींत पाच-पाच घरे असलेली दहाची चौकट आणि संख्याकार्डे एवढे साहित्य पुरते. दहा काड्यांचा गठ्ठा मुलाने स्वतः मोजून बांधावा आणि गरज पडली तर सोडावा. शिक्षकाने तयार गठ्ठे वाटले तर मुलाच्या लेखी गठ्ठा ही एक वस्तू राहते. त्यात दहा आहेत हे त्याला पटत नाही. ‘एकोण’साठी माळ सर्वांत सोयीची. साठाव्या मण्यावर चिमटा लावायचा आणि एक मणी मागे यायचे, की एकोणसाठ हाताला लागते.

साहित्य लवकर काढून घेणे ही एक चूक, ते वर्षभर हातात ठेवणे ही दुसरी. मूल गठ्ठे न उघडता उत्तर सांगू लागले, की गठ्ठे कापडाखाली झाकून विचारावे आणि त्यानंतर फक्त चित्र काढायला सांगावे. उभी मांडणी घाईने आणली तर ५२ वजा २७ चे उत्तर ३५ येते, कारण मूल प्रत्येक रकान्यात मोठ्यातून लहान वजा करते. ‘उसना घे’ असे दहा वेळा बजावून ही खोड जात नाही. रिकाम्या संख्यारेषेवर (आधी आकडे न मांडलेल्या नुसत्या रेघेवर) २७ पासून ३० पर्यंत ३, तिथून ५० पर्यंत २०, पुढे २, अशा उड्या मारून २५ आणल्यावर ३५ चुकले हे मुलाला स्वतःलाच दिसते. एकशे पाच हे १००५ असे लिहिणाऱ्याला शंभरच्या कार्डाच्या शेवटच्या शून्यावर पाचचे कार्ड ठेवून दाखवावे.

गावातले साहित्यही वापरता येते. चौकडीचा टॉवेल पसरून ६ ओळी आणि ७ रकाने धरले, की ४२ घरे होतात. एक ओळ दुमडली की ३५ उरतात, आणि सहा साते म्हणजे पाच साते अधिक सात हे दिसते. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वरांच्या यात्रेमुळे अडुसष्ट लिंगांचा उल्लेख मुलांच्या कानावर येतोच. ६८ ला ६० आणि ८, ७० ला दोन कमी, ३४ ची दुप्पट असे जितक्या प्रकारे फोडता येईल तितके फोडून घ्यावे. विड्या वळणाऱ्या घरांतल्या मुलांना २५ चे बंडल माहीत असते. चार बंडलांचे शंभर, चाळीसांचे हजार हा हिशेब तिसरीपासून कागदाच्या सुरळ्यांवर करावा. त्याआधी नको, दहाचा गठ्ठा पक्का नसताना पंचविसाचा आणला की गोंधळ वाढतो. तंबाखू अर्थातच वर्गात आणायची नाही.

मूल्यमापन. ८ + ५ चे उत्तर तीन मुलांनी १३ दिले. एकाने आठ बोटे, पाच बोटे उभी करून एकपासून सगळे मोजले. दुसऱ्याने आठ मनात ठेवून नऊ, दहा, अकरा असे पुढे मोजले. तिसऱ्याने पाचातले दोन आठाला देऊन दहा केले आणि उरलेले तीन मिळवले. लेखी चाचणीत तिघांना सारखाच गुण मिळतो, पण तिघांना उद्या शिकवायचे वेगवेगळे आहे. उत्तराबरोबर ते काढण्याची रीतही पाहणाऱ्या समग्र मूल्यमापनाचा खरा उपयोग इथे आहे.

महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू झाले. त्यात पहिली-दुसरीला आकारिक (शिकवताना चालू असलेल्या) मूल्यमापनाचा भार ७० टक्के, संकलितचा (सत्राअखेरच्या) ३० टक्के ठेवला. दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक ही आकारिकची साधने आहेत. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानासाठीच्या केंद्राच्या निपुण भारत अभियानाने (२०२१) पहिलीअखेर ९९, दुसरीअखेर ९९९ आणि तिसरीअखेर ९,९९९ पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता येणे हे उद्दिष्ट धरले. समग्र प्रगती पत्रकात मुलाचे स्वतःचे, सोबत्यांचे आणि पालकांचे म्हणणेही नोंदवले जाते. आराखडा पुरेसा आहे. घोटाळा नोंदीत होतो: तासाला न पाहता सत्राअखेर एका बैठकीत सगळ्यांपुढे ‘संख्या ओळखतो’ असे उतरवलेले असते.

एका मुलाशी आठ-दहा मिनिटांची तोंडी मुलाखत अधिक सांगते. १३ चिंचोके मोजायला द्यावेत, मग पसरून ‘आता किती?’ विचारावे, मुलाला पुन्हा मोजावेसे वाटले तर तशी नोंद करावी. आठ चिंचोके दाखवून काही वाटीखाली लपवावेत, बाहेर पाच ठेवावेत आणि वाटीखाली किती ते विचारावे. १६ लिहून त्यातल्या १ वर बोट ठेवावे आणि सोळा चिंचोक्यांपैकी हा एक कोणते दाखवतो ते विचारावे. एकच चिंचोका पुढे केला तर स्थानिक किंमत अजून आलेली नाही. शेवटी त्रेपन्न गठ्ठ्यांनी करायला आणि मग लिहायला सांगावे. पाच गठ्ठे, तीन सुट्या काड्या मांडूनही जो ३५ लिहितो त्याची चूक लिहिण्याच्या क्रमाची आहे. तीन गठ्ठे, पाच सुट्या मांडणाऱ्याला संख्यानामच कळलेले नाही. या दोघांवरचा उपाय एक नाही.

रोज तीन मुले घेतली तर तीस जणांचा वर्ग दहा दिवसांत होतो. नोंदवहीत ‘येते / येत नाही’ न लिहिता ‘सगळे मोजून’, ‘पुढे मोजून’, ‘दहा करून’ असे लिहावे, शेजारी मुलाचे शब्द आणि ते कोणत्या भाषेत बोलले तेही. प्रश्न मुलाच्या घरच्या भाषेत विचारता येत नसेल तर वर्गातल्या दुसऱ्या मुलाला दुभाषा करावे, मात्र उत्तर त्याच्याकडून घेऊ नये. ज्यांची नोंद ‘सगळे मोजून’ अशी आहे त्यांना सहा आठवड्यांनी पुन्हा बसवावे, बाकीच्यांना सत्राअखेर.