पट्टी उतरते, लय तशीच राहते: हे जमतं कसं?

काळी दोनमधलं गाणं काळी एकमध्ये गायचं असेल आणि साथीला पेटी असेल, तर काही अडत नाही. पेटीवाला स्केलचेंजर, म्हणजे पेटीच्या पट्ट्या सरकवायची सोय, दोन घरं (मधली पांढरी धरून) सरकवतो, तबलजी त्या सुराचा तबला पुढे ओढतो आणि गाणं सुरू होतं. ट्रॅकवर, म्हणजे आधीच मुद्रित केलेल्या साथीवर, गाणाऱ्यांचं मात्र इतकं सरळ नसतं. वादक वाजवून कधीच घरी गेलेले असतात आणि हातात असते फक्त फाइल. फोनवरच्या ॲपमध्ये 'उणे दोन' केलं की तीही दोन पट्ट्या उतरते, लयीला धक्का लागत नाही. हे काम वाटतं त्याहून फार अवघड आहे.

ध्वनिमुद्रण म्हणजे हवेचा दाब क्षणाक्षणाला कसा बदलत गेला, त्याची नोंद. सीडीवर दर सेकंदाला अशा ४४,१०० नोंदी असतात. त्यात सूर वेगळा आणि लय वेगळी लिहिलेली नसते. सूर म्हणजे दर सेकंदाला होणारी कंपनं आणि लय म्हणजे दर मिनिटाला पडणाऱ्या मात्रा. दोन्ही एकाच काळावर मोजल्या जातात. म्हणून टेप हळू फिरवली की दोन्ही एकदमच उतरतात. पेटीच्या शेजारशेजारच्या दोन पट्ट्यांच्या कंपनसंख्येत साधारण ६ टक्क्यांचा फरक असतो, दोन पट्ट्या उतरायचं तर तो १२ टक्क्यांवर जातो. टेप तेवढी हळू केली, तर पाच मिनिटांचं गाणं ५ मिनिटं ३७ सेकंद चालतं आणि द्रुत बंदिश रेंगाळायला लागते.

यावरची युक्ती अशी. आधी गाण्याचा सूर तोच ठेवून ते ४ मिनिटं २७ सेकंदांचं करायचं. मग ते हळू वाजवायचं. सूर दोन पट्ट्या उतरतो आणि गाणं पुन्हा बरोबर पाच मिनिटांचं होतं. म्हणजे खरा प्रश्न उरतो तो सूर न बदलता गाणं आखूड किंवा लांब कसं करायचं, एवढाच.

याचं पहिलं नेमकं उत्तर डेनिस गाबोर यांनी १९४६ मध्ये मांडलं. होलोग्राफीसाठी १९७१ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेले हेच ते गाबोर. ध्वनीचे अगदी छोटे कण पाडता येतात, हा त्यांचा विचार होता. चित्रपटाच्या फितीवरचा ध्वनिपट्टा आणि फटी पाडलेलं फिरतं पिंप वापरून त्यांनी तसे प्रयोगही केले. आज हे संगणक करतो: आवाजाचे सेकंदाच्या काही शतांशांचे तुकडे पाडायचे, ते एकमेकांवर थोडे चढवून जोडायचे, गाणं आखूड करायचं तर मधला भाग गाळायचा, लांबवायचं तर तोच भाग पुन्हा घ्यायचा. सांधा मात्र जुळला पाहिजे. काळी एकच्या 'सा'ला सेकंदाला सुमारे १३९ कंपनं होतात, म्हणजे एक कंपन ७ मिलिसेकंदांचं. जोड अर्ध्या कंपनात पडला, तर आवाज खरखरतो किंवा थरथरतो. एकट्या गळ्यासाठी योग्य सांधा शोधता येतो. सारंगी, तानपुरा आणि तबला एकत्र असले, तर सगळ्यांना सोयीची अशी एकही जागा सापडत नाही.

म्हणून दुसरी वाट काढावी लागली. बेल लॅब्जमधल्या जेम्स फ्लॅनगन आणि रॉजर गोल्डन यांनी १९६६ मध्ये फेज व्होकोडर मांडला. ध्वनीतल्या शेकडो कंपनसंख्या सुट्या करायच्या, प्रत्येकीचा वेग आणि टप्पा (म्हणजे त्या क्षणी कंपन कुठवर आलंय ते) मोजायचा आणि नव्या कालावधीत त्या पुन्हा एकत्र बांधायच्या. यात एक त्रास होतो. लेझीम पथकातला प्रत्येक जण आपापले ठेके बिनचूक मोजतोय, पण सगळ्यांचा हात एका क्षणी पडत नाही, तशी त्या कंपनांची आपसातली एकजूट सुटते. आवाज धूसर आणि लांबून आल्यासारखा होतो. लारोश आणि डॉल्सन यांनी १९९९ मध्ये शेजारच्या कंपनांना मुख्य कंपनाशी बांधून ठेवण्याची रीत दिली, तेव्हा हा दोष बराच आटोक्यात आला.

आपल्या संगीतापुरतं बोलायचं, तर खरी कसोटी आहे तबल्याची. काळी एकचा 'सा' १३९ कंपनांचा आणि त्याचा कोमल रिषभ १४७ चा, फरक आठाचा. हे दोन सूर वेगळे ओळखायला संगणकाला निदान सेकंदाचा आठवा भाग ऐकावा लागतो. हा निसर्गनियम आहे, यंत्र कितीही वेगवान असलं तरी त्यातून सुटका नाही. पण तबलजी सेकंदाला आठ बोल वाजवत असेल, तर तेवढ्या वेळात एक अख्खा बोल येऊन जातो! सुरासाठी लांब खिडकी, म्हणजे एका वेळी तपासायचा आवाजाचा तुकडा लांब, घेतली की थाप पसरते, 'तिरकिट'चे कंगोरे झिजतात. थापेसाठी आखूड खिडकी घेतली की सूर डळमळतात. पाश्चात्त्य पॉपमधले ड्रम बहुधा गाण्याच्या स्वराला बांधलेले नसतात, त्यामुळे ते वेगळे मिळाले तर न बदलता ठेवता येतात. तबला मात्र षड्जाला लावलेला असतो. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे त्याचे उपस्वर (मूळ सुरासोबत उमटणारे वरचे सूर) सुरेल पटींत येतात, हे सी. व्ही. रामन यांनी १९२० आणि १९३४ च्या शोधनिबंधांत दाखवलं होतं. म्हणजे 'ना' या बोलाची आस, म्हणजे मागे रेंगाळणारा नाद, दोन पट्ट्या खाली न्यायची, पण बोटाचा आघात जसाच्या तसा ठेवायचा. चांगली सॉफ्टवेअर आघाताचा क्षण हुडकतात आणि तिथे कंपनांचे टप्पे नव्याने जुळवतात. साध्या ॲपमध्ये तबला भिजल्यासारखा वाजतो, तो याच कारणाने.

गळ्याची गोष्ट आणखी वेगळी. सूर कंठातल्या स्वरतंतूंवर ठरतो, पण आवाजाची ओळख घसा आणि तोंडाच्या पोकळीवर ठरते. पुरुषाची ही पोकळी साधारण १७ सेंटिमीटर लांब असते आणि पट्टी चढवली म्हणून ती आखूड होत नाही. ॲप मात्र सरसकट सगळंच सरकवतं. चार पट्ट्या चढवल्या की तीच पोकळी साडेतेरा सेंटिमीटरची असल्यासारखी ऐकू येते आणि गाणारा लहान मूल वाटायला लागतो. 'फॉर्मंट', म्हणजे या पोकळीमुळे आवाजात ठळक होणारे भाग, जपण्याची सोय असेल, तर गायक असलेल्या ट्रॅकला ती जरूर चालू करावी.

माझ्या कानाला दोन पट्ट्यांपर्यंतचा बदल सहसा खटकत नाही, चारच्या पुढे बहुतेक ट्रॅक उघडे पडतात. बदल नेहमी मूळ फाइलवर आणि एकदाच करावा. आज एक पट्टी उतरवली, ती फाइल साठवली, उद्या तिच्यावर आणखी एक, असं केलं की दोष साचत जातात.

जुन्या ७८ गतीच्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांना मात्र हे साधन लावू नये. सुरुवातीच्या काळात ध्वनिमुद्रणाची गती काटेकोर ७८ नसायची. ३ टक्के फरकानेही सूर अर्धी पट्टी हलतो. तिथे सूर आणि लय दोन्ही एकत्रच बिघडलेले असतात, तेव्हा ते दुरुस्तही तबकडीची गती बदलूनच करायला हवेत.